चिनी अक्षर गिरवत बसू नका, आधी ते उसवून बघा

चिनी शिकायला लागलं की पहिल्या आठवड्यात सगळे तेच करतात, एक अक्षर घ्यायचं आणि पानभर गिरवायचं. मीही तसंच केलं, तीन पानं भरली आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पहिली रेघ कुठून सुरू होते तेच आठवेना. नुसतं गिरवताना हात चालतो, लक्ष कुठेच नसतं. म्हणून इथे एकच अक्षर घेते, पण पूर्ण.

अक्षर आहे 'मा' (妈), म्हणजे आई. उच्चार आपल्या मा सारखाच, फक्त सूर उंच आणि सपाट ठेवायचा, शेवटी खाली पडू द्यायचा नाही.

पेन अजून उचलू नका. आधी अक्षर नीट बघा, त्याचे सरळ दोन भाग दिसतील, डावीकडे बाई (女) आणि उजवीकडे घोडा (马). आता बऱ्याच जणांकडून अशी गोष्ट ऐकायला मिळते की आई घोड्यासारखी राबते म्हणून हे अक्षर असं बनलं. गोष्ट गोड आहे पण खरी नाही, आणि मला ती खटकते कारण त्यातून माणूस पुढचं प्रत्येक अक्षर चुकीचं वाचायला शिकतो. घोड्याला चिनीत 'मा'च म्हणतात, फक्त सूर वेगळा, आधी खाली जाऊन वर येणारा. म्हणजे डावी बाजू अर्थाचा इशारा देते आणि उजवी उच्चाराचा, घोड्याच्या अर्थाशी आईचा काही संबंध नाही. बहुतेक चिनी अक्षरं अशीच बनलेली आहेत, हे कळलं की निम्मी भीती जाते.

ताडून बघा. त्याच घोड्याच्या डावीकडे तोंड ठेवा (तोंड म्हणजे छोटा चौकोन), झाला वाक्याच्या शेवटी येणारा प्रश्नाचा 'मा', आपल्या 'येतोस का' मधल्या 'का' सारखा. दगड ठेवला की आकडा किंवा कोड या अर्थाचा 'मा', आणि डोक्यावर दोन तोंडं ठेवली की शिव्या देणे. सगळ्यांचा उच्चार मा, सूर तेवढे वेगळे. अर्थात सगळीच अक्षरं अशी नाहीत, बाई आणि मूल शेजारी ठेवलं की 'हाओ' म्हणजे चांगलं, तिथे दोन्ही बाजू अर्थाच्याच आहेत. म्हणून नवीन अक्षर आलं की आधी विचारायचं, यातलं अर्थाचं कोण आणि आवाजाचं कोण.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका, सोपी लिपी की जुनी. जुन्या घोड्याला १० रेघा आहेत, खाली चार ठिपके, तैवान आणि हाँगकाँगमध्ये अजून तोच चालतो. चीनमध्ये १९५६ पासून अक्षरं अधिकृतपणे सोपी करत नेली, तिथला घोडा ३ रेघांचा. मी सोपा घेतलाय. सुरुवातीला दोन्ही एकदम शिकू नका, हाताचा गोंधळ होतो.

आता पेन. चौकोन आखा आणि मधोमध एक आडवी एक उभी रेघ मारा, या चौकटीला चिनीत 'शेताची चौकट' म्हणतात कारण शेताचं अक्षर हुबेहूब असंच दिसतं. आपण अक्षर काढून झाल्यावर वरची रेघ देतो ना, इथे ती सवय विसरायची. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर सहसा आडवी आधी. पेन न उचलता कितीही वळलात तरी ती एकच रेघ मोजतात, म्हणून आपलं अक्षर दिसतं भरगच्च पण आहे ६ रेघांचं.

आधी बाई. पहिली रेघ वरून तिरकी डावीकडे खाली, तिथेच वळून उजवीकडे खाली. दुसरी उजवीकडून वरून निघते आणि पहिलीला छेदून डावीकडे खाली येते. तिसरी आडवी, पहिलीला छेदून दुसरीच्या वरच्या टोकाला टेकणारी, इथे तिला अंग चोरून उभं राहावं लागतं, उजवं टोक किंचित वर आणि घोड्याच्या अंगावर न जाणारं. मग घोडा. आडवी जाऊन खाली वळणारी एक रेघ. नंतर डावीकडून खाली, उजवीकडे, पुन्हा खाली आणि शेवटी आत वळलेला छोटा हूक, हे सगळं एका दमात. शेवटी आतली आडवी रेघ, ती हूकवाल्या रेघेला छेदत नाही. बाई अरुंद ठेवा, घोड्याला थोडी जास्त जागा, दोघी सारख्या रुंद केल्या की दोन अक्षरं शेजारी ठेवल्यासारखी दिसतात.

तीनदा बघून लिहा, मग वही झाकून लिहा. अडलात तर आख्खं अक्षर परत गिरवू नका, फक्त अडलेली रेघ बघा आणि पुन्हा झाका. झाकून लिहिणं हाच खरा सराव आहे, कारण फोनवर रोमनमध्ये उच्चार टाईप केला की अक्षर आपोआप समोर येतं आणि त्यामुळे खुद्द चिनी लोकांनाही पेन हातात घेतल्यावर अक्षर आठवत नाही, त्यासाठी त्यांच्याकडे चार अक्षरांचा वाक्प्रचारच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, आणि मग तीन-चार दिवसांनी एकदा, न बघता.

जमलं की तेच अक्षर दोनदा लिहा, 'मामा', दुसरा मा हलका. आपल्याकडे आईचा भाऊ, तिकडे स्वतः आईच. मग त्याच घोड्याला तोंड लावून प्रश्नाचा मा घ्या, त्यात नवीन शिकायचा फक्त चौकोन आहे, ३ रेघांचा.