टेस्टिंगमध्ये जायचंय? पुण्याची एसटी धरण्याआधी करायची तयारी

सांगली-साताऱ्याकडची पोरं डिग्री झाली की स्वारगेटची एसटी धरतात आणि पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा, म्हणजे सॉफ्टवेअर तपासून चुका शोधण्याच्या कामाचा, क्लास लावतात. तिथं मॅन्युअल टेस्टिंग (स्वतः हातानं तपासणं), थोडी जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा, थोडं सेलेनियम हे वेबसाइट आपोआप तपासायचं टूल आणि मुलाखतीच्या प्रश्नांची एक पीडीएफ मिळते. एवढ्या शिदोरीवर आजवर नोकऱ्या लागत आल्या. इथून पुढं अवघड दिसतंय, कारण टेस्ट केस (काय टाकायचं आणि काय उत्तर यायला हवं) लिहून काढणं आणि ती आपोआप चालवणारी स्क्रिप्ट बनवणं ही दोन्ही कामं एआयची टूल्स काही मिनिटांत करून देतात. माणसाकडं जे काम उरतं ते म्हणजे बरोबर उत्तर काय असायला हवं हे ठरवणं, आणि टूलनं दिलेल्या उत्तरावर शंका घेणं. ही तयारी क्लासची फी न भरता घरी बसून करता येते.

सुरुवात टेस्ट डिझाइनपासून, म्हणजे काय काय तपासायचं ते ठरवण्यापासून, करा आणि उदाहरण आपल्या गावचं घ्या. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर आलं की इशारा पातळी, 45 फुटांवर धोका पातळी. त्यावरून लोकांना मेसेज पाठवणारं ॲप आहे असं समजा. एआयला हे वाक्य देऊन टेस्ट केसेस मागा. 39, 40, 41, 44, 45, 46 असे आकडे लगेच येतील, आणि ते बरोबरच आहेत. पण पावसाळ्यात आपण बातमी ऐकतो ती ‘39 फूट 9 इंच’ अशी. हे कुणी 39.9 म्हणून साठवलं आणि 39 फूट 11 इंच 39.11 म्हणून, तर पाणी दोन इंच चढलेलं असताना ॲपच्या मते ते उतरलं! पाणी 45 च्या आसपास तासभर खालीवर होत राहिलं तर लोकांना किती मेसेज जाणार? उतरताना मेसेज जायचा की नाही? आकड्याच्या रकान्याला कुणी 50 ची कमाल मर्यादा घातली असेल तर? 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. हे प्रश्न ज्यानं पूर पाहिलाय त्याला पटकन सुचतात. असे प्रश्न वहीत लिहायची सवय लावा. मार्केट यार्डातली हळदीची हिशेबपट्टी घ्या, दवाखान्याची अपॉइंटमेंट घ्या, साखर कारखान्याचं ऊसबिल घ्या. प्रत्येकाचे नियम त्या कामातल्या माणसाला विचारून उतरवा, मग टेस्ट केस लिहा. पट्टीत वजन, दर, हमाली, तोलाई यांची बेरीज-वजाबाकी कुठं आणि कशी पूर्णांकात आणली जाते, एवढाच एक प्रश्न घेऊन बसलात तरी दिवस जाईल.

त्यानंतर कोड वाचायला शिका. लिहिता आला तर चांगलंच, पण वाचता आलाच पाहिजे. एआय बऱ्याचदा असलेला कोड पाहूनच टेस्ट लिहितं. कोडमध्ये चूक असेल तर तीच चूक ‘अपेक्षित उत्तर’ म्हणून टेस्टमध्ये जाऊन बसते आणि स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसतं. म्हणून टेस्टची परीक्षा घ्यायची पद्धत शिकून ठेवा. कोडमध्ये मुद्दाम बिघाड करायचा, उदाहरणार्थ ‘पेक्षा जास्त’च्या जागी ‘पेक्षा जास्त किंवा समान’, आणि टेस्ट फेल होते का ते बघायचं. फेल झाली नाही तर त्या टेस्टचा उपयोग नाही. याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. जावासाठी पिटेस्ट आणि जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर ही टूल्स फुकट मिळतात. येत्या काळात टेस्टरला जी कौशल्यं लागतील त्यांत मी हे सगळ्यात वर ठेवते.

याचं महत्त्व पटायला 19 जुलै 2024 ची घटना नीट वाचा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज मशिन्स बंद पडली. विमानतळ, दवाखाने, बँका, सगळीकडं विंडोज बंद पडल्याचे निळे पडदे. कंपनीनं नंतर कारण जाहीर केलं. अपडेटच्या माहितीच्या साच्यात 21 रकाने ठरवले होते, प्रोग्रॅम मात्र 20 च मूल्यं पुरवत होता. आधीच्या चाचण्यांत 21 व्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं चिन्ह असल्यामुळं तो खरा तपासलाच गेला नाही. वर तो अपडेट टप्प्याटप्प्यानं न सोडता एकदम सगळीकडं गेला. आधी थोड्या लोकांना देऊन, लक्ष ठेवून, मग पुढं जाणं, म्हणजे कॅनरी रिलीज, यात टेस्टरनं नेमकं काय बघायचं हेही याच प्रकरणातून शिकता येईल.

टूल्सचं फार मनावर घेऊ नका. सेलेनियम 2004 पासून आहे आणि जुन्या प्रोजेक्ट्समध्ये राहील. त्याच कामाचं प्लेराइट 2020 मध्ये आलं, नवी कामं बऱ्याचदा त्यात निघतात. एक नीट शिका, दुसरं आपोआप येतं. पोस्टमन या टूलमध्ये एपीआय (दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात तो दुवा) तपासणं, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत जॉइन लिहून दोन तक्ते जोडणं, कोडमधले बदल जपून ठेवणारं गिट वापरणं, एवढं हातात बसलेलं असू द्या.

खरी नवी जमीन आहे ती एआयवर चालणारी ॲप्स तपासण्याची. एकच प्रश्न दोनदा विचारला की चॅटबॉट दोन वेगळी वाक्यं देतो, मग पास कशाला म्हणायचं? इथं उत्तरांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यावरून तपासतात. ‘आज हळदीचा दर काय?’ आणि ‘आज हळद काय भावानं गेली?’ या दोन्हींचं उत्तर एकाच आकड्यावर यायला हवं. असे शे-दीडशे प्रश्न आपल्या बोलीत जमवून संच करून ठेवा, मुलाखतीत दाखवता येईल. चॅटबॉटला वाचायला दिलेल्या फाईलमध्येच ‘आधीच्या सूचना विसर’ असं वाक्य लपवून तो फसतो का, हेही करून बघा. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात, आणि हा धोका ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एआयविषयक यादीत पहिल्या क्रमांकावर आहे.

मराठी येणं ही आपली जमेची बाजू आहे, ती वापरा. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकदा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर म्हणून, एकदा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडवर्ण मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधयंत्राला वेगळे. त्यात काही जण ‘कराड’ लिहितात. पत्त्यांच्या ॲपमध्ये तिन्ही टाकून बघा आणि काय सापडतं त्याची नोंद ठेवा. मराठी न येणाऱ्या टेस्टरला ही चूक दिसणं कठीण आहे.

दोन कायदे कानावर असू द्यात. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे, त्यामुळं ग्राहकांचा खरा डेटा उचलून टेस्टिंगला वापरायची जुनी सवय आता अंगाशी येऊ शकते. खोटा पण खऱ्यासारखा डेटा बनवायला शिका. युरोपात ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे अपंगांनाही वापरता येईल असं सॉफ्टवेअर बनवण्याचा, कायदा 28 जून 2025 पासून लागू झालाय, आणि पुण्यातल्या कितीतरी कंपन्या युरोपचं काम करतात. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) चालू करा, डोळे मिटा आणि एखादा फॉर्म भरून बघा. कुठं अडता ते लिहून काढा.

टेस्टरना प्रमाणपत्र देणाऱ्या आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या फाउंडेशन परीक्षेबद्दल सगळे विचारतात. 40 प्रश्न, 60 मिनिटं, पास व्हायला 26 बरोबर. अभ्यासक्रम फुकट उतरवता येतो, तो वाचाच. फी मात्र नोकरीच्या जाहिरातीत मागितली असेल तरच भरा.

इंग्रजीची भीती असेल तर बग रिपोर्ट, म्हणजे सापडलेल्या चुकीची नोंद, इंग्रजीत लिहायचा सराव करा. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि कुठल्या फोनवर. छोटी, सरळ वाक्यं पुरतात. वर सांगितलेल्या वहीतून सापडलेले चांगले बग निवडून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवा आणि दुवा बायोडेटात पहिल्या पानावर द्या.

मुलाखतीला जाताना स्वतःचेही प्रश्न न्या. एआयनं लिहिलेल्या टेस्ट तुमच्याकडं कोण वाचतं? रिलीजच्या आदल्या रात्री टेस्ट फेल झाली तर थांबवायचा अधिकार कुणाला आहे? उत्तर देताना समोरचे एकमेकांकडं बघायला लागले, तर ऑफर घेण्याआधी त्या कंपनीत काम करणाऱ्या आपल्या गावच्या कुणाला तरी फोन करा.