चाळीत किंवा सोसायटीत खत-भाजीचा कार्यक्रम कसा राबवावा: शेतीविस्ताराच्या वाटेने

ओला कचरा घरातच कुजवायचा आणि त्या खतावर गॅलरीत चार भाज्या पिकवायच्या, एवढाच विषय. शिकवायला सोपा वाटतो. मलाही वाटला होता. दापोलीला कृषी पदवी घेऊन काही वर्षं कोकणातल्या शेतकऱ्यांबरोबर काम केलं, मग मुंबईत आले आणि परळच्या एका चाळीत पहिला कार्यक्रम घेतला. चाळीस जणांनी सह्या केल्या, फोटो निघाले, प्रत्येक बिऱ्हाडाला झाकणाची बादली मिळाली. भोकं घरी पाडून घ्या, असं सांगून मी निघाले. तीन महिन्यांनी परत गेले तर तीन बादल्यांत खत होतं. बाकीच्यांत पाणी भरून ठेवलेलं, एकीत तांदूळ. लोकांचं काहीच चुकलं नव्हतं. सकाळी तासभर येणाऱ्या पाण्यासाठी त्यांना बादली हवीच होती, आणि मी ते विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी गावातल्या विस्तार कार्यकर्त्याचीच, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत नवी पद्धत पोहोचवणाऱ्या माणसाचीच, शिस्त शहरात पाळते. तुम्हाला तुमच्या चाळीत, वस्तीत किंवा सोसायटीत असं काही करायचं असेल तर त्याच क्रमाने जा.

आधी फेरी, मग विषय

गावात याला शिवारफेरी म्हणतात. लोकांबरोबर चालायचं, बघायचं, कमी बोलायचं. चाळीत ही फेरी वेगवेगळ्या वेळी चारदा तरी करा: पाण्याच्या वेळी, दुपारी, कचऱ्याची गाडी येते तेव्हा आणि संध्याकाळी माणसं लोकलने परतल्यावर. कुठल्या गॅलरीत किती तास ऊन येतं ते टिपा. मिरची-टोमॅटोला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, पुदिना कमी उन्हातही निभावतो. घुशी कुठून येतात, कचरा खाली नेऊन टाकतं कोण, तेही पाहा. बऱ्याचदा सभेला येणारं माणूस वेगळं असतं आणि कचरा टाकणारं वेगळं.

‘खत करायला आवडेल का?’ असं विचारू नका. पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. ‘काल उरलेला भात कुठे गेला?’ असं विचारा. मग व्हरांड्यातल्या फरशीवर खडूने चाळीचा नकाशा काढायला सांगा आणि खडू त्यांच्याच हातात द्या. एका ठिकाणी बायकांनी नकाशात सगळ्यात आधी जिना काढला आणि त्यावर फुली मारली, कारण तिथल्या डब्याचा वास घरात यायचा. खताशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आम्ही कार्यक्रमाचं नावच ‘जिन्यातला वास घालवू’ असं ठेवलं.

मोठ्या सोसायटीत निकड वेगळी असते. २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असं मुंबई महापालिकेने २०१७ साली सांगितलं. तिथे कमिटी स्वतःहून बोलावते. पण कमिटीला गरज आहे म्हणून चौथ्या मजल्यावरच्या काकूंनाही आहे, असं धरून चालू नका.

एक वाक्य लिहा

‘जागृती करणे’ हा उद्देश मोजता येत नाही. असं लिहा: ‘१५ डिसेंबरपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या १२ बिऱ्हाडांपैकी किमान ८ जण रोजचा ओला कचरा घरच्या डब्यात कुजवत असतील.’ कोण, काय, किती, कधीपर्यंत. हे वाक्य लिहिलं त्याच बैठकीत तपासणीही ठरवून टाका: कुठल्या दिवशी, कोणाच्या डब्याचं झाकण उघडून पाहणार. सुरुवातीलाच सात दिवस त्या मजल्याचा ओला कचरा काट्यावर तोलून वहीत मांडा. पुढे काही बदललं की नाही, ते याच आकड्यांवरून कळेल. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून बहुतेक जण टाळतात. तुम्ही टाळू नका.

सुरुवात दसऱ्यानंतर करा. मुंबईच्या पावसाळ्यात डबा ओलाकिच्च होतो आणि सुका पाला मिळत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये रस्त्याकडेच्या झाडांची पानगळ होते. तेव्हा पोती भरून कोरड्या जागी ठेवलीत तर पुढची सोय होते.

समुद्र मेथीपासून शिकवा

खताला दोन-तीन महिने लागतात. तेवढा वेळ नवशिक्याचा विश्वास टिकत नाही. म्हणून पहिल्या दिवशी समुद्र मेथी पेरायची. मुंबईच्या बाजारात इवल्याशा जुड्यांत, मुळांना रेती चिकटलेली मिळते तीच. पसरट ट्रेला खाली भोकं, त्यात दोन इंच धुतलेली रेती, रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाट पसरायचे, वर रेतीचा पातळ थर, रोज पाण्याचा हबका. दहा-बारा दिवसांत भाजी कापायला येते. ती निवडायची आणि परतायची कशी, हे प्रत्येक मावशीला माझ्याहून चांगलं माहीत असतं. त्या दिवशी शिकवणाऱ्या त्या असतात, आणि मला तेच हवं असतं.

मग डब्याचं प्रात्यक्षिक. एका वेळी आठ-दहा जणच, म्हणजे प्रत्येकाचा हात मिश्रणात जाईल. सांगा, करून दाखवा, त्यांच्याकडून करून घ्या, आणि शेवटी त्यांनाच दुसऱ्याला सांगायला लावा. नवी बादली वाटू नका. रंगाचा रिकामा डबा धुऊन तिथेच बाजूला आणि तळाला भोकं पाडा. तळाशी तीन-चार इंच सुका पाला. रोजचा कचरा बारीक करून टाकायचा आणि त्याच्या दुप्पट मापाने पाला. थोडं जुनं खत किंवा आंबट ताक विरजणासारखं. दर दोन-तीन दिवसांनी ढवळायचं. पाला का, तर कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या (नायट्रोजन) २५ ते ३० पट कर्ब (कार्बन) लागतो, आणि तो सुक्या पाल्यातून मिळतो. नुसता ओला कचरा म्हणजे भाताशिवाय आमटी. ओलावा मुठीत ओळखा: मिश्रण दाबल्यावर बोटांच्या फटीत थेंब-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पाला वाढवा. वास सुटला किंवा अळ्या झाल्या तरी आधी हाच उपाय. मासळीचा कचरा पहिल्या महिन्यात डब्यात नको. वासाने घुशी येतात आणि शेजारी भांडतात. हात बसला की मोठ्या कुंडीच्या मातीत खोल पुरायला शिकवा.

हे सगळं कुणाच्या तरी घरीच दाखवा, हॉलमध्ये नको. १९०३ साली अमेरिकेत टेक्ससमधल्या टेरेल गावी शेतीविस्ताराचे प्रवर्तक सीमन नॅप यांनी प्रयोग सरकारी फार्मवर न करता एका शेतकऱ्याच्याच शेतावर करवला, आणि नुकसान झालं तर भरपाईची हमी गावातल्या व्यापाऱ्यांनी घेतली. शेजाऱ्याच्या रानात जे उगवतं त्यावर लोकांचा विश्वास बसतो. चाळीतही असं एक घर शोधा. सेक्रेटरींचंच हवं असं नाही. ज्या दारावर अडीअडचणीला लोक थाप मारतात ते घर. डबा बिघडला तर स्वच्छ करून द्यायची हमी तुम्ही घ्या.

दुसरा आठवडा

बहुतेक लोक याच आठवड्यात सोडतात. पहिला वास येतो, पहिली अळी दिसते, सासूबाई काहीतरी बोलतात. म्हणून तिसऱ्या, दहाव्या आणि पंचविसाव्या दिवशी घरी जा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो मागवा, पण त्यावर विसंबू नका. चांगल्या डब्याचाच फोटो येतो.

मोजायचं काय

अमेरिकेतले विस्तार अभ्यासक क्लॉड बेनेट यांनी १९७५ साली विस्तारकामाच्या मूल्यमापनाची सात पायऱ्यांची शिडी मांडली: साधनं, उपक्रम, सहभाग, प्रतिक्रिया, ज्ञान-कौशल्य-दृष्टिकोनातला बदल, वागणुकीतला बदल आणि शेवटी परिणाम. माझा परळचा अहवाल तिसऱ्या पायरीवर थांबला होता. तुम्ही सहाव्यापर्यंत तरी चढा, म्हणजे झाकण उघडून आत बघा. मुठीची परीक्षा त्यांना करून दाखवायला सांगितलीत की पाचवी पायरीही तिथेच कळते.

सातवीसाठी पुन्हा सात दिवस त्याच काट्यावर वजन घ्या. इथे एक फसगत होते. मे महिन्यात आंब्याच्या साली-कोयींनी घराघरातला कचरा वाढतो, श्रावणात पालेभाज्यांची देठं आणि फळांची सालं वाढतात. नुसती आधीची आणि नंतरची वजनं पाहिलीत तर कधी विनाकारण यश दिसेल, कधी विनाकारण अपयश. म्हणून कार्यक्रम न झालेल्या एका मजल्याचं वजनही दोन्ही वेळा घ्या आणि फरक त्याच्याशी ताडून बघा.

सहा महिन्यांनी एकदा परत जा, आणि सोडून दिलेल्यांच्या घरी आधी जा. ‘का सोडलंत?’ हा प्रश्न जाब विचारल्यासारखा लागतो. ‘शेवटचा कचरा डब्यात टाकलात त्या दिवशी काय झालं होतं?’ असं विचारा. बाळंतीण घरी आली होती, पाला संपला होता, डबा ठेवायची जागा पोराच्या अभ्यासाच्या टेबलाने घेतली होती, अशी उत्तरं मिळतात. ती त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा आणि पुढच्या फेरीला निघताना ती वही बरोबर घ्या.