ऑटोमॅटिक फोर-व्हील-ड्राइव्ह: या चुका टाळा

दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या वाटांवर चांगला पाऊस झाला की काळी माती टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. गाडी रुतते. मग मालकाचा प्रश्न ठरलेला: “चारही चाकांना ताकद आहे ना, मग?”

चूक इथूनच सुरू होते. ऑटोमॅटिक फोर-व्हील-ड्राइव्ह असलेल्या आजच्या बहुतेक शहरी एसयूव्हींमध्ये ही यंत्रणा एरवी गाडी मुख्यतः पुढच्या चाकांवरच चालवते. मागच्या अ‍ॅक्सलच्या वाटेवर क्लच प्लेट्सचं एक कपलिंग असतं. चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय हे पाहून कंप्युटर त्या प्लेट्स आवळतो किंवा सैल सोडतो. ताकद मागे जाते ती अशी, गरजेपुरती. जमिनीवरची पकड मात्र टायरनेच द्यायची.

रुतल्यावर जोरात रेस देऊ नका. डाव्या-उजव्या चाकांमध्ये ताकद वाटणारा साधा डिफरन्शियल दोघांना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात मोकळं फिरत असेल तर त्याला लागतो तेवढाच, म्हणजे जेमतेम, जोर दुसऱ्याला मिळतो. म्हणून गाडी त्या फिरणाऱ्या चाकाला स्वतःच ब्रेक लावते, म्हणजे दुसऱ्याला जोर मिळतो. तेव्हा खालून करकर आवाज येतो आणि बरेच जण दचकून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतात. काढू नका, हलका, एकसारखा दाब ठेवा. चाकं नुसती गरगरवत राहिलात तर कपलिंग तापतं, दिवा लागतो आणि मागची ताकद बंद होते. तसं झालं तर थांबा, थंड होऊ द्या.

कपलिंग आवळून ठेवणारं लॉक बटण असेल तर चिखलात शिरण्याआधी दाबा. वेग वाढला की बऱ्याच गाड्या ते आपोआप सोडतात, तो बिघाड नव्हे. थारसारख्या लिव्हरच्या फोर-बाय-फोरचं गणित वेगळं आहे: तिथे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-एचमध्ये, म्हणजे पुढची-मागची चाकं एकत्र जोडलेली असताना, वळणं घेतलीत तर सगळी यंत्रणा ताणली जाते.

सर्वांत महाग चूक मात्र टायरची, आणि ती पटकन लक्षातही येत नाही. पंक्चर दुरुस्त होण्यासारखं नसलं की दुकानदार एकच नवा टायर बसवून देतो. नव्याची नक्षी 8 मिमी आणि जुन्याची 3 मिमी धरली, तर त्रिज्येत 5 मिमीचा फरक पडतो. साधारण 34 सेंमी त्रिज्येच्या चाकात जुना टायर दर किलोमीटरला सातेक फेरे जास्त मारतो. कंप्युटरला ते घसरणं वाटू शकतं आणि सपाट हायवेवरही कपलिंग घासत राहतं. झिजेत किती फरक चालतो ते गाडीच्या पुस्तकात पाहा. टायर वेळच्या वेळी आलटून-पालटून लावा, चारही एकाच मापाचे ठेवा आणि हवाही सांगितल्याएवढीच भरा. लहान मापाची स्टेपनी लावून मुंबई गाठायचा विचार तर करूच नका.

कसारा घाट उतरताना यंत्रणेचा भरवसा धरू नका. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, ते फोर-व्हील-ड्राइव्हमुळे कमी होत नाही. खालचा गिअर टाका.

आणि गाडी बंद पडलीच, तर दोन चाकं उचलून ओढणारी क्रेन नको. रस्त्यावरची दोन चाकं फिरत राहिली तर कपलिंग किंवा गिअरबॉक्सला इजा होऊ शकते. फोनवरच सांगा, चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड पाठवा.