डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची वर्गात सोय कशी करावी

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन अडणे. त्याच्या प्रमाणपत्राची वाट बघत बसू नका. ते शालान्त परीक्षेच्या सवलतींसाठी लागते. वर्गातली सोय शिक्षक उद्यापासून करू शकतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातलीच) येते, आणि जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या सोयी त्यात स्पष्ट लिहिल्या आहेत. मुलावर कोणी उपकार करत नाही.

आधी नीट ओळखा. घरी कोंकणी, चौथीपर्यंत मराठी, पाचवीत इंग्रजी माध्यम, असा आपल्याकडच्या बऱ्याच मुलांचा प्रवास. चौथीपर्यंत धडे पाठ करून निभावलेले मूल पाचवीत अडकते आणि 'इंग्रजी कच्चे' असा शेरा पडतो. त्याला न वाचलेला मराठी उतारा द्या. तिथेही 'घ-ध', 'भ-म' आणि जोडाक्षरांवर अडखळले तर अडचण इंग्रजीची नाही. पुढची तपासणी तज्ज्ञाकडून करून घ्या.

सोप्या गोष्टी: फळा उतरवून घ्यायला लावू नका, छापील कागद द्या. प्रश्नपत्रिका 16 पॉइंटमध्ये, ओळी सुट्या. अचानक उठवून मोठ्याने वाचायला सांगू नका. उतारा आदल्या दिवशी घरी द्या. एकाच तऱ्हेची दहा गणिते असतील तर चार पुरेत. विज्ञान-इतिहासात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नका. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावणे तर बंदच करा, त्याने चूकच पक्की होते. जादा वेळ तासाला 20 मिनिटे धरा, पण तो मधल्या सुट्टीतून काढू नका.

खरी अडचण लेखनिकाची. दहावीच्या पहिल्या पेपरला अनोळखी मुलगा शेजारी बसवला की उत्तर येत असूनही मूल गप्प होते. सांगून लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते आठवीपासून मुरवावे लागते.

आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटे. सुरुवात एका वाक्याच्या उत्तराने. लेखनिकाने प्रश्न दोनदा वाचायचा. मुलाने कच्च्या कागदावर मुद्द्यांच्या तीन-चार खुणा करायच्या; जलचक्राचे उत्तर असेल तर सूर्य, बाण, ढग, थेंब. मग एक वाक्य सांगून 'पूर्णविराम' म्हणायचे, थांबायचे आणि लिहिलेले परत वाचून घ्यायचे. हे परत वाचणे सगळे गाळतात, आणि खाडाखोड नेमकी तिथून सुरू होते.

मूल म्हणेल, "उदकाची वाफ जाता आनी ती वयर वता" (पाण्याची वाफ होते आणि ती वर जाते). लेखनिकाने त्याचे भाषांतर करायचे नाही. सरावात मुलाला आधी कोंकणीत बोलू द्या, मग तेच वाक्य पेपरच्या भाषेत त्याच्याच तोंडून येऊ द्या. परीक्षेत भाषांतर करणारे कोणी नसते. प्रेमापोटी शिक्षक शब्द भरतात आणि मूल दर वाक्याला त्यांच्या तोंडाकडे बघू लागते. ती सवय मोडायला महिने लागतात. म्हणून सरावाला वर्गशिक्षक नको, खालच्या इयत्तेतला विद्यार्थी घ्या, आणि दर महिन्याला बदला.

भूमितीची आकृती सांगून काढवणे सर्वांत अवघड. "रेघ मार" चालणार नाही. "बिंदू क पासून उजवीकडे 5 सेंटीमीटर" असे बोलायला शिकवा. लेखनिकाला आकृतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे त्याला फक्त ऐकूनच काढावी लागेल आणि सांगण्यात कुठे कसर राहिली ते लगेच दिसेल.