क्रॉस-कटिंग करताय? आधी भरती-ओहोटी बघा

क्रॉस-कटिंगला, म्हणजे दोन ठिकाणचे प्रसंग आलटून-पालटून दाखवायला, हात घालण्याआधी एक ठरवा: दोन्ही घटना एकाच वेळी चालल्या आहेत, की त्यांना फक्त अर्थाचा धागा जोडतोय? मूकपटांच्या काळातला अमेरिकी दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याने १९०९ सालीच दोन्ही करून ठेवलंय. ‘द लोनली व्हिला’त चोर घरात घुसतायत आणि बाप घराकडे धावत सुटलाय, तिथे घड्याळ एकच. ‘अ कॉर्नर इन व्हीट’मध्ये गव्हाच्या सटोडियाची मेजवानी आणि पावासाठी रांगेतली गरीब माणसं, तिथे वेळ जुळली नाही तरी बिघडत नाही.

पहिल्या प्रकारात कोकणात घात करतं ते पाणी. रत्नागिरीत लघुपट एडिट करताना मला आजही सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच असते. समजा, घरात म्हातारी अत्यवस्थ आहे आणि मुलगा डॉक्टरांना घेऊन तरीतून, म्हणजे फेरीबोटीतून, खाडी ओलांडतोय. तरीचं शूटिंग या सोमवारी, घरातलं पुढच्या सोमवारी, दोन्ही सकाळी दहाला. ऊन तेच. पण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात जवळजवळ सहा तास, म्हणजे भरतीच्या जागी ओहोटी. तरीखाली खाडी तुडुंब आणि म्हातारीच्या खिडकीतून दिसतो चिखलात कलंडलेला पडाव! जयगड-दाभोळचा माणूस लगेच म्हणणार, हा सहा तास होता कुठे? तिथेच ताण संपला. कलर करेक्शनने ऊन जुळतं, पाणी जुळत नाही.

म्हणून फुटेज आलं की प्रत्येक क्लिपपुढे पाणी लिहा. जेटीची कितवी पायरी ओली आहे? होडी तरंगतेय की टेकलीय? वारा फार नसेल तर नांगरलेल्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, भरतीला समुद्राकडे असते, ओहोटीला खाडीच्या आत. आणि शूटिंग व्हायचं असेल तर दिग्दर्शकाला तारीख नाही, तिथी विचारा. तिथीची पाऊणपट ही भरतीची ढोबळ वेळ: अष्टमीला सहाच्या सुमारास. दोन दिवसांत पंधरवड्याचं अंतर ठेवलंत तर पाणी पुन्हा जवळपास त्याच वेळेला येतं.

शूटिंग होऊन गेलंय? घाबरू नका, बहुतेक वेळा निभावतं. खिडकी टाळून चेहरे, हात, औषधाची बाटली घ्या. तरीच्या इंजिनाची फटफट घरातल्या शॉटवर बारीक चालू ठेवा. दोन जागांची वेळ आवाज बांधून देतो.

संगीताच्या ठोक्यावर दर दोन सेकंदांनी कट मारायची तयार टेम्प्लेट मात्र वापरू नका. मला ती मुळीच पटत नाहीत. आधी तरीचा प्रसंग सलग लावा, मग घरातला, आणि दोन्ही वेगवेगळे बघा. एकटा उभा न राहणारा प्रसंग दुसऱ्यात गुंफून सावरत नाही. एडिटिंग शिकवणाराही असा शोधा, जो तुमच्या हातातला माउस ओढून घेत नाही, प्रत्येक कटला थांबवून विचारतो, “आता मुलगा कुठवर पोचला?”