बंद पडलेली टू-स्ट्रोक एटीव्ही: किक मारण्याआधी

वर्षानुवर्षे उभी असलेली एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर चालणारी, हँडलवाली चारचाकी) दिसली की पहिला पाय किककडे जातो. तो आवरा. आधी प्लग काढा, सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल सोडा आणि किक हाताने हळूहळू दाबा. पिस्टन मोकळा फिरतोय याची खात्री झाली की मगच पुढे.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. खरा त्रास बहुतेकदा कार्ब्युरेटरमध्ये असतो: पेट्रोल उडून जातं, चिकट थर उरतो आणि पायलट जेटचं (मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचं) केसाएवढं भोक बुजतं. नुसता क्लीनर फवारून भागत नाही. जेट काढून उजेडाकडे धरा, आरपार दिसलंच पाहिजे.

ऑइल आपोआप पुरवणारा पंप असला तरी पहिल्या टाकीला त्याच्यावर विसंबू नका, नळीत हवा अडकलेली असू शकते. ती हवा काढा, शिवाय पेट्रोलमध्येही ऑइल मिसळा. ३२:१ (३२ भाग पेट्रोल, १ भाग ऑइल) म्हणजे लिटरला साधारण ३१ मिली. थोडा धूर होईल, होऊ द्या.

एअर फिल्टरचा फोम चुरगळत असेल तर बदला.

सुरू झाल्यावर ॲक्सिलरेटर न देता इंजिन आपोआप वर चढत गेलं, तर ताबडतोब बंद करा. क्रँकचे (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचे) रबरी सील वाळून हवा ओढत असतील, आणि तसंच चालवलं तर पिस्टन जॅम होतो.