हबमधला गिअर सुटतोय? आधी केबल बघा
पणजीत आल्तिनोचा चढ चढताना सायकलच्या मागच्या हबमधला (म्हणजे चाकाच्या मधल्या, आतच गिअर असलेल्या नळकांड्यातला) गिअर मध्येच सुटून पेडल रिकामं फिरलं, तर हब उघडायची घाई नको. बहुतेक वेळा गिअरची केबलच थोडी सैल झालेली असते. नवी केबल तर सुरुवातीला ताणतेच. शिमानो नेक्सस 8 हा आठ गिअरचा हब असेल तर शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) 4 वर आणा आणि चेनच्या बाजूने आसाजवळ वाकून बघा. तिथल्या छोट्या खिडकीत दोन पिवळ्या रेघा दिसतील. त्या अगदी समोरासमोर हव्यात. नसतील तर केबलचा अ‍ॅडजस्टर (ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) थोडाथोडा फिरवून जुळवा. मग 1 वर नेऊन परत 4 वर आणा आणि पुन्हा तपासा.

चढावर गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर काढा. सिग्नलला उभं राहूनही बदलता येतो, हे या हबचं मोठं सुख!

पावसाळ्यातला चिखल धुताना हबवर प्रेशरचं पाणी मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत आसाचे नट गंजून घट्ट बसतात, आणि पंक्चरच्या वेळी चाकच निघत नाही. आट्यांना ग्रीस लावा, 15 मिमीचा पाना जवळ ठेवा.